जुने नकाशे व पाण्याची वहिवाट

जुनें दप्तर सोडून बसण्याचा प्रसंग प्रत्येक कुटुंबांत केव्हांना केव्हां येतोच. वाटणीचा प्रश्न निघतो, बांधाची तक्रार येते, किंवा शेजाऱ्यानें कुंपण चार हात पुढें सारलेलें असतें. आणि मग माळ्यावरची पेटी खालीं उतरते. अशा वेळीं जो कागद उपयोगी पडतो तो पुष्कळदां खरेदीखत नसून हद्दीचा साधा नकाशा असतो. खत सांगतें कीं जमीन कोणाची. नकाशा सांगतो कीं वाट कोणाची, पाट कोठून जातो, आणि विहिरीचें पाणी कोणास मिळतें. जिला आपल्या व्यवहारांत वहिवाट म्हणतात तिचा पुरावा नकाशांत सांपडतो. जें घराचें तेंच शहराचें. मुंबईसारख्या महानगराचेंहि असें एक दप्तर आहे, आणि तें चाळीत असतां एक जुना हक्कदार त्यांत वारंवार भेटतो. तो हक्कदार म्हणजे पाणी. या दप्तरांतील निवडक कागद आज आम्ही वाचकांपुढें क्रमानें मांडणार आहों.

यांतील पहिला कागद मोठा चमत्कारिक आहे. १६६१ सालीं इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा तह झाला व मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें, ही गोष्ट शाळेंत जाणाऱ्या मुलांसहि ठाऊक असते. परंतु त्या वेळीं राजापुढें मुंबईचें एक चित्र ठेवण्यांत आलें होतें, हें फारसें कोणास ठाऊक नसतें. सॅम्युएल पेपिस या लंडनच्या अधिकाऱ्यानें आपल्या रोजनिशींत १६६३ सालीं याची नोंद केली आहे. मुंबई व तिच्या आसपासचीं बेटें हा सगळा एकच सलग मुलूख आहे, असें त्या चित्रांत दाखविलें होतें. राजानें व त्याच्या मंत्र्यांनीं तें खरें मानलें. आणि माणसें प्रत्यक्ष जाऊन पाहतात तों प्रकार निराळाच निघाला. इंग्रज म्हणूं लागले कीं साष्टी व ठाणेंहि आमचें. गोव्याचा पोर्तुगीज कारभारी म्हणूं लागला कीं तुमचें एवढें बेट तेवढेंच. या वादांत ताबा घेण्यास आलेला सर अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत राहिला आणि तेथेंच १६६४ सालीं मरण पावला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्यें हंफ्री कुक यानें केवळ मुंबईचा ताबा पत्करला. राजास ही लेक सासरीं नांदवणें परवडेना म्हणून म्हणा, तीन वर्षांतच त्यानें ती सालीना दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केली.

तो नकाशा खोटा होता असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. पण थोडा विचार करावा. मुंबई म्हणजे सात बेटें, असें आपण म्हणतों: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम. हीं सात बेटें दिसत असत तीं भरतीच्या वेळीं. ओहोटी लागली कीं मधल्या खाड्या ओसरत, चिखल उघडा पडत असे, आणि माणसें घोट्याइतक्या पाण्यांतून पलीकडे जात. पलीकडे पोंचल्यावर पाय धुवावयाचे, ती जागा पायधुणी. म्हणजे त्याच भूमीचे दिवसांतून दोन निराळे नकाशे होत, आणि दोन्ही खरे. कागदावरील नकाशास मात्र एकच घटका पकडून ठेवावी लागते. भरतीची रेघ ओढावी कीं ओहोटीची, हें तो काढविणाराच्या गरजेवर ठरतें. ज्याला आंदण भरघोस दाखवावयाचें आहे तो ओहोटी धरणार, हें उघड आहे.

आपल्या लोकांनीं या भूमीचे नकाशे काढले नाहींत; पण तिचें वर्णन केलें. माहीमच्या बिंब राजाची व उत्तर कोंकणांतील गांवांची हकीकत सांगणारी महिकावतीची बखर इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केली. गांव कोणतें, वतन कोणाचें, कूळ कोठून आलें, हें बखर सांगते. हद्द किती हात हें सांगत नाहीं. युरोपियनांच्या नकाशाचें याच्या उलट. डॉक्टर जॉन फ्रायर हा १६७३ सालीं येथें आला. १६९८ सालीं छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत मुंबईचा नकाशा आहे. परळ, माहीम, शींव व मुंबई यांच्या मधोमध एक खोलगट भाग असून तीन ठिकाणांहून शिरणाऱ्या समुद्रानें तेथील ४०,००० एकर चांगली जमीन बुडविली आहे, असें तो लिहितो. आज भराव घालघालून वाढलेल्या शहर-बेटाचें क्षेत्रफळच मुळीं सुमारें ६७ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसोळा हजार एकरांच्या घरांत आहे. तेव्हां बुडालेल्या जमिनीचा तो आंकडा लोभाच्या दृष्टीनें मोजलेला होता, हें निराळें सांगावयास नको. पण त्या लोभांतूनच पुढचें शहर जन्मास आलें.

समुद्राचा सर्वांत मोठा शिरकाव महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून होई. विल्यम हॉर्नबी हा १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकीर्दीच्या अखेरीस हें खिंडार बांधानें बुजविण्यांत आलें. हेंच तें हॉर्नबीचें वेलार्ड. पोर्तुगीज भाषेंतील कुंपण या अर्थाच्या शब्दावरून हें नांव पडलें. बांध घालावा आणि तो कोसळावा असें वारंवार होऊं लागलें. तेव्हां काम पाहणाऱ्या रामजी शिवजी या प्रभु गृहस्थांस श्रीमहालक्ष्मीनें स्वप्नांत दृष्टांत दिला, त्याप्रमाणें खाडींतून मूर्ति वर काढून देवालय बांधलें, आणि मगच बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी मानावी असा आमचा आग्रह नाहीं. परंतु समुद्राची जागा घ्यावयाची तर आधीं त्याची परवानगी घ्यावी, ही भावना तिच्यांत आहे, आणि ती वेडगळ नाहीं.

बांधानें काय झालें व काय झालें नाहीं, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. समुद्राचें पाणी बाहेर अडलें, खाजण उघडें झालें, कामाठीपुरा व ताडदेवकडील सखल भाग वस्तीस मोकळा झाला. १८८३ सालीं महालक्ष्मीचें घोड्यांच्या शर्यतींचें मैदान याच खाजणांत झालें. परंतु जमीन उंच झाली नाहीं. ती भरतीच्या रेघेखालींच राहिली. पश्चिमेस मलबारची टेकडी, पूर्वेस माझगांव-डोंगरीचे उंचवटे, आणि मध्यें परातीसारखा खोलगट भाग. पूर्वीं भरतीचें पाणी येई तसें जाईहि. आतां येणें बंद झालें. पण टेकड्यांवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यास जाण्याची वाटहि तीच होती, तिला दार लागलें. वरळीच्या बाजूस झडपा बसवून ओहोटीच्या वेळीं पाणी सोडावयाचें, भरतीच्या वेळीं झडपा बंद ठेवावयाच्या, असा क्रम सुरू झाला. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच घटकेस आली तर काय करावें, या प्रश्नाचें पुरतें उत्तर तेव्हांपासून सांपडलेलें नाहीं. पुढें टेकड्या फोडून व शहराचा केरकचरा ओतून हा भाग भरीत आणला. तरी परातीची परात ती परातच.

बांधामागून सेतु आले. १८०५ सालीं शींव व कुर्ला जोडलें गेलें, १८३८ सालीं कुलाबा जोडला, आणि १८४५ सालीं माहीम व वांद्रें यांमधील सेतु झाला. या शेवटच्या कामास लेडी अवाबाई जमशेटजी यांनीं दीड लाखांवर रुपये दिले. साष्टी दरम्यान १७३९ सालीं मराठ्यांकडे व १७७४ सालीं इंग्रजांकडे आली होती. याप्रमाणें १६६१ सालीं राजास दाखविलेला सलग मुलुखाचा तो खोटा नकाशा १८४५ सालीं खरा होऊन बसला. एकशें चौऱ्यांशीं वर्षें लागलीं, इतकेंच.

आतां कोटाचा नकाशा घेऊं. त्यांत आपल्या इतिहासाची एक रेघ आहे. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोंप उडाली. तटाबाहेर खंदक खणावयाचें ठरलें, आणि व्यापाऱ्यांनीं त्यासाठीं ३०,००० रुपये जमवून दिले. त्या खंदकास नांवच मुळीं मराठा खंदक असें पडलें. शत्रूस आडोसा मिळूं नये म्हणून, प्रथम मराठ्यांच्या व पुढें फ्रेंचांच्या धास्तीनें, खंदकापलीकडील घरें व माड काढून टाकून विस्तीर्ण मैदान मोकळें ठेवलें. १८०३ सालच्या फेब्रुवारींत कोटाच्या उत्तर भागास भयंकर आग लागली. त्यानंतर पुष्कळ लोकांस मैदानापलीकडे घरें बांधावीं लागलीं आणि बाहेरचें गांव झपाट्यानें वाढलें. सर बार्टल फ्रियर याच्या अमदानींत, १८६२ नंतर, तट पाडले, खंदक बुजला, दरवाजे गेले. चर्चगेट हें नांव मात्र स्टेशनावर राहिलें. आणि मैदानेंहि राहिलीं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज हीं नकाशांत एका ओळींत पाहावीं, म्हणजे जुन्या तटाचा बांक डोळ्यांपुढें उभा राहतो. शहरास आज तेथें श्वास घेतां येतो तो कोणा नगररचनाकाराच्या दूरदृष्टीनें नव्हे. एका काळच्या भीतीनें ती जागा मोकळी सुटली.

यानंतरचा कागद मात्र वाचून मन विषण्ण होतें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला कीं तो ठेवावा कोठें हें लोकांस कळेना. तेव्हां जी जमीन अद्याप समुद्राखालीं होती तिचे भाग विक्रीस निघाले. बॅक बे भरून काढणाऱ्या कंपनीचे शेअर मिळविण्यासाठीं सावकारापासून कारकुनापर्यंत सर्वांची धडपड सुरू झाली. नकाशावर भूमि होती, जागेवर लाटा होत्या. अमेरिकेंतील युद्ध संपलें आणि १ जुलै १८६५ रोजीं व्यवहार चुकते करण्याचा दिवस उजाडतांच सारा डोलारा कोसळला. किती घरांतील स्त्रियांचे दागिने त्या न झालेल्या जमिनींत बुडाले असतील, त्याचा हिशेब कोणत्याच वहींत नाहीं. १८६४ च्या खानेसुमारींत शहरांत ८,१६,५६२ माणसें होतीं. १८७२ सालीं तीं ६,४४,४०५ भरलीं. जो थोडा भराव झाला त्याच्यावरून पुढें आगगाडीचा रस्ता गेला.

त्याच १८६५ सालीं एक निराळें काम सुरू झालें. लॉटन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८७२ पर्यंत सारें शहर मोजून काढलें व चाळीस फुटांस एक इंच या प्रमाणानें त्याचे तक्ते तयार केले. या प्रमाणांत आपल्या घराची पडवीसुद्धां ओळखूं यावी. शेअरवाल्यांच्या नकाशांत जें नव्हतें तें होतें असें दाखविलें होतें. या तक्त्यांत जें होतें तेवढेंच, पण तें सर्व. थोडें आधीं, १८६३ सालीं, गोविंद नारायण माडगांवकर यांनीं ‘मुंबईचें वर्णन’ लिहून हेंच काम शब्दांनीं केलें होतें. तक्ता समोर ठेवून तें पुस्तक वाचावें, म्हणजे रेघांत माणसें हालूं लागतात. कारण नकाशाचें हें एक मोठें न्यून आहे, कीं तो मालक दाखवितो, वापरणारा दाखवीत नाहीं. ज्या चिखलांत कोळी शतकानुशतकें मासे धरीत, जेथें जाळीं वाळत घालीत, तेथें नकाशांत कोरी जागा असते; आणि कोऱ्या जागेवर रेघ ओढण्यास कोणासच संकोच वाटत नाहीं. ज्यांच्या मुंबादेवीनें शहरास नांव दिलें त्यांचे कोळीवाडे शहराच्या नकाशांत शोधून काढावे लागतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पुढें १८९६ सालीं प्लेग आला. कोंदट चाळींत माणसें पटापट मेलीं, आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राची हवा आंत यावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्ती चिरून काढले, आणि दादर-माटुंग्याकडील शेतांखाजणांवर सरळ रेघांच्या वसाहती आंखल्या. दादरच्या हिंदु कॉलनींत ज्यांच्या आजोबांनीं बिऱ्हाड थाटलें अशीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ असतील. तीं घरें प्लेगच्या नकाशांतून उगवलीं आहेत.

इतक्या उलथापालथींत जुना नकाशा टिकला कोठें? बायकामुलांच्या तोंडीं. उमरखाडींत खाडी नाहीं, चिंचबंदरास चिंच नाहीं, धोबीतलावास तलाव नाहीं, गोवालिया टँक व सी. पी. टँक येथें पाण्याचा थेंब नाहीं. तरी नांवें आहेत. खेतवाडी व फणसवाडी हीं नांवें मळ्यांचीं, ताडदेव व वडाळा हीं झाडांचीं, आणि वांद्र्यापलीकडचें खार हें खाऱ्या जमिनीचें. बसवाल्याला हीं नांवें रोज सांगणाऱ्या माणसाला आपण जुनी मोजणी वाचून दाखवीत आहों, याची कल्पनाहि नसते. म्हणून अशीं नांवें बदलण्याची हौस ज्यांना येते त्यांनीं थोडें थांबावें, असें आम्हांस वाटतें. ज्या नांवांत पाणी आहे तें नांव पुसणें म्हणजे वहिवाटीचा पुरावा जाळण्यासारखें आहे.

कारण पाणी आपली वहिवाट विसरत नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार व पवई तलावांचें पाणी घेऊन माहीमच्या खाडीस मिळणारी मिठी नदी त्या दिवशीं आपली जागा मागावयास आली. जागा कोठें होती? तिच्यावर विमानतळाची धांवपट्टी गेलेली, तिच्या तिवरांच्या खाजणावर वांद्रें-कुर्ला संकुल उभें राहिलेलें, तिच्या कांठीं गरिबांच्या झोपड्या खेंटलेल्या. शेंकडों माणसें प्राणास मुकलीं. त्या दिवसाचें भय ज्या घरांनीं अनुभवलें त्यांना त्याचें वर्णन नको. तो पाऊस असाधारण होता हें खरें. पण दर वर्षीं साध्या पावसांतहि हिंदमाता व किंग्ज सर्कल येथें पाणी तुंबतें, यास असाधारण म्हणतां येत नाहीं. जुना नकाशा काढून पाहावा: ती त्या परातीची व खाजणाची जागा. तेथें पंप बसले, टाक्या झाल्या, हें योग्यच झालें. परंतु पंप हा पाण्याशीं रोज चालणारा तंटा आहे, तडजोड नव्हे. आणि भरावाची ओढ अद्याप संपलेली नाहीं. २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुल्या झालेल्या किनारी रस्त्यासाठीं समुद्रांत सुमारें १११ हेक्टर भराव घातलेला आहे, आणि तो जातो तो त्या जुन्या खिंडाराच्या तोंडावरूनच.

भराव घालणेंच पाप होय, असें आमचें म्हणणें नाहीं. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें बृहन्मुंबईंत १ कोटी २४ लाख माणसें राहतात. कोंकणांतून, देशावरून व परप्रांतांतून आलेल्या या लोकांस ज्या भूमीनें आसरा दिला तिचा मोठा भाग समुद्राकडून घेतलेला आहे. तो परत करा असें कोण म्हणेल? परंतु शेजाऱ्याच्या जमिनींत घर बांधलेंच तर त्याची वाट तरी मोकळी ठेवावी, हा आपला जुना न्याय आहे. नाल्याचें पात्र, खाडीचें तोंड, तिवरांचें खाजण, मिठागर, या पाण्याच्या वाटा आहेत. त्यांवरील हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो, म्हणून तो नाहींच असें समजणें महागांत पडतें. आणि त्या महागाईची किंमत बहुधा भराव घालणाऱ्यास द्यावी लागत नाहीं, ती तळमजल्यावर राहणाऱ्यास द्यावी लागते.

तेव्हां आमची वाचकांस दोन लहान कामांची विनंती आहे. घर घेतांना खोल्या किती व स्टेशन किती दूर हें आपण विचारतों. त्याबरोबर त्या जागेचा शंभर-दीडशें वर्षांपूर्वींचा नकाशा पाहावा आणि तेथें तेव्हां काय होतें, याची चौकशी करावी. असे नकाशे आतां संग्रहालयांत व ग्रंथालयांतच नव्हे, तर घरबसल्याहि पाहावयास मिळतात. दुसरें काम याहून सोपें. घरांत ऐंशीं-नव्वद वर्षांचीं वडीलधारीं माणसें असतील तर मुलांनीं त्यांच्याजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसावें, आणि आपल्या गल्लींत विहीर कोठें होती, ओढा कोठून वाहत असे, पावसाळ्यांत पाणी कोठवर चढे, हें विचारून नकाशा काढावा. तो ओबडधोबड झाला तरी चालेल. त्यावर तारीख घालावी, सांगणाराचें नांव लिहावें, आणि खरेदीखताच्या शेजारीं तो त्याच पेटींत ठेवून द्यावा. पुढें केव्हां तरी कोणास त्याची गरज पडेल, आणि त्या वेळीं सांगणारें माणूस विचारावयास असेलच असें नाहीं.